कप्तानाचा पैरा

हिंगणवाडीच्या हॉकी संघात यंदा काहीही बदल नाही, असं नाथाजीनं दिवाळी पाडव्याच्या सकाळी मारुतीच्या पारावर जाहीर केलं, तेव्हा गेल्या सालच्या अकरा गड्यांपैकी चौघे गावात नव्हते.

दोघे रजेवर आलेले शिपाई होते, ते रजा संपली तसे पलटणीत परत गेले. तिसरा म्हसवडला घरजावई झाला आणि हॉकीच्या काठीनं सासऱ्याची मेंढरं वळू लागला. चौथा, म्हणजे गोलात उभा राहणारा हरिबा, तर मुळात हिंगणवाडीचा नव्हताच. तो शेजारच्या आगरवाडीचा, अंतिम सामन्यापुरता मागून आणलेला.

"म्हंजी चार गडी कमी हायती," पारावर बसलेला दादासो पैलवान म्हणाला.

"कमी न्हाईत. आलेलं न्हाईत एवढंच," नाथाजी म्हणाला. "त्यांच्या जागंवर दुसरं चौघं उभं करायचं. जागा त्याच हायती न्हवं? मग बदल कसला?"

यावर कुणाला उत्तर सुचलं नाही, आणि समोरच्याला उत्तर सुचलं नाही की नाथाजी तो होकार धरत असे. लढाईत तो नाईक होता. लढाई संपून तो घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत काय काय असेल याचे गावानं बरेच अंदाज बांधले होते. ट्रंकेत हॉकीच्या काठ्या निघाल्या. वाळवा तालुक्यात तोवर काठीचा उपयोग मुख्यतः भाऊबंदांवर होत असे. ती जमिनीलगत चालवायची आणि चुकून कुणाच्या नडगीवर बसली तर वर आपणच माफी मागायची, हे गावाला पटवायला नाथाजीचा अख्खा उन्हाळा गेला. पण पटलं. आणि पटल्यावर हिंगणवाडीनं लागोपाठ दोन साल सुभेदार ढाल जिंकली.

ही ढाल साताऱ्याच्या पेन्शनर फौजी मंडळींनी ठेवलेली होती. पितळेची, परातीएवढी. जिंकल्यापासून ती मारुतीच्या देवळात होती, आणि दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर लावताना पुजाऱ्याचा हात तिच्याकडेही वळायचा. त्यामुळे आता तिच्यावरची अक्षरं दिसत नव्हती. बाळंतपणाआधी बायका तिला नारळ वाढवत. नियम असा होता की सलग तीन साल जिंकेल त्या गावाला ढाल कायमची. यंदा तिसरं साल. गतविजेत्याचा पहिला सामना त्याच्याच गावात व्हायचा, आणि जो हरेल त्यानं घरी जायचं. हिंगणवाडी घरीच असणार होती, पण ढाल मात्र गेली असती.

"ढाल कुटं जात न्हाई," नाथाजी म्हणाला. "शेंदूर लागलेली चीज परत कोन घेतंय?"

नाथाजीला ती ढाल हवी होती. इतकी, की रात्री देवळाचं दार लागलंय का हे तो पुजाऱ्यानंतर जाऊन स्वतः बघत असे. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्याची खात्री आहे त्याची काळजी करणं शोभत नाही.

आधीचा गोली विंचू चावल्यापासून गोलाकडे फिरकत नव्हता, म्हणून गोलासाठी त्यानं दादासोलाच धरलं. दादासोची कुस्तीतली ख्याती अशी, की त्याला आजवर कुणी पाडलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला पाडलं नव्हतं. तो आखाड्यात जाऊन उभा राहायचा. समोरचा दमायचा. मग पंच दोघांनाही फेटा बांधून कुस्ती सोडवायचे.

"कप्तान, मला वाकता येत न्हाई," दादासोनं आधीच सांगितलं. "आन् चेंडू तर खालनं येतुया."

"वाकू नगंस. पड."

"कवा?"

"मी 'पड' म्हनलं की."

"आन् उठायचं कवा?"

नाथाजीनं थोडा विचार केला. "त्याची घाई न्हाई," तो म्हणाला.

उरलेल्या तीन जागांसाठी त्यानं कृष्णातची ऊसतोड टोळी निवडली. हॉकी म्हणजे पळत पळत केलेली ऊसतोड, असं नाथाजीचं मत होतं. दिवसभर कमरेत वाकायचं आणि बुडाशी घाव घालायचा. फक्त शेवटी मोळी बांधायची नाही. कृष्णात पहिल्याच दिवशी मैदानात आला, वाकला, आणि जन्माच्या सवयीनं डाव्या हातानं चेंडू गच्च धरून उजव्या हातानं त्याच्यावर काठी हाणली.

"चेंडू धरायचा न्हाई रं," नाथाजी म्हणाला.

कृष्णात बोट चोखत म्हणाला, "दादा, धरल्याबिगर मारला तर पळतुया त्यो."

"पळावा म्हनूनच मारायचा आसतुया."

हे कृष्णातला नवीन होतं. त्यानं ते मनावर घेतलं, आणि महिन्याभरात दहा वेळा मारताना तो सात वेळा चेंडू न धरता मारू लागला.

मैदान तर नाथाजीनं असं केलं की बघायला इस्लामपूरहून माणसं आली. मळणीच्या खळ्यासारखंच केलं होतं ते: पाणी मारून बैलं फिरवली, चोपणं घेऊन बायकांनी बडवलं, वरून शेणकाला दिला. चेंडू सोडला तर आपणहून घरंगळत पलीकडच्या शेतापर्यंत जायचा. तेवढ्यात सोडतीची बातमी आली. पहिला सामना आगरवाडीशी, मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी.

"बेस झालं," नाथाजी म्हणाला. "हरिबाला कुटनं चेंडू दिसत न्हाई ते मला म्हाईत हाय."

आणि त्याच दिवशी दुपारी हरिबा त्याच्या दारात उभा राहिला. त्याच्याबरोबर आगरवाडीचे आकारामआबा होते. आबांचं गुऱ्हाळ होतं आणि आगरवाडीत त्यांचा शब्द चालायचा. हॉकी ते बघायचे, पण काठी कुठल्या अंगानं धरतात याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. नाथाजीनं घोंगडं टाकलं, त्याच्या बायकोनं, विजयमालानं, गूळ-पाणी आणलं. आबांनी गुळाचा खडा उजेडात धरून बघितला, कुणाच्या गुऱ्हाळाचा ते ओळखलं, त्याच्याबद्दल वाईट बोलले, आणि तो खाल्ला. मग उसाची तूट, बैलांचे पाय, पाटाचं पाणी असं सगळं झाल्यावर ते म्हणाले,

"नाथाजी, तुज्याकडं आमचा एक पैरा हाय."

पैरा म्हणजे काय, हे कृष्णाकाठी मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. आज तुझ्या उसाला माझा गडी, उद्या माझ्या उसाला तुझा. त्यात पैसा नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. फेडला नाही तर कोर्टही काही करत नाही. फक्त पुढच्या साली तुमचा ऊस रानात वाळतो, आणि सगळं गाव त्याच्या कडेनं राम राम करत जातं.

"कसला पैरा, आबा?" नाथाजी म्हणाला. "औंदा तर तुमचा गडी आमच्या रानात आलेला न्हाई."

"रानात न्हाई. गोलात." आबांनी हरिबाकडे बोट केलं. "गेल्या साली फायनलीच्या दिशी ह्यो माज्या गुऱ्हाळाव जाळ घालत व्हता. काहील चुलीवर, रस उकळाय लागल्याला. तुमच्या गोलीला इंचू चावला म्हनून तू पळत आलास आन् म्हनलास, आबा, एका दिसाचा पैरा द्या. म्हनलास का न्हाई?"

नाथाजी तसं म्हणाला होता. घाईत माणसाच्या तोंडात नेहमीचाच शब्द येतो.

"म्हनलो," तो म्हणाला.

"मग आता आमाला ऐतवारी एक गडी पायजे."

"आबा, ऐतवारी तर आपलाच सामना हाय."

"म्हनूनच पायजे. सोमवारी नेऊन त्याला काय गोठ्यात बांधू?"

हरिबा मान खाली घालून बसला होता. तो आगरवाडीचा गोलीही होता आणि कप्तानही, पण आबांसमोर तो फक्त जाळ घालणारा होता.

"बरं," नाथाजी म्हणाला. "दिला. न्या एक गडी. टोळीतला एकांदा..."

"आं हां." आबांनी हात वर केला. "बैलाचा पैरा बैलानंच फिटतुया. तितं शेळी चालत न्हाई. आमी तुला आमच्यातला सगळ्यांत चांगला गडी दिला व्हता. तू तुज्यातला सगळ्यांत चांगला दे. कोन त्यो मी सांगत न्हाई. तुजा संघ, तूच सांग."

विजयमाला दारातून नवऱ्याकडे बघत होती. नाथाजीला सुटायला एकच वाट होती: आपल्या संघात आपल्यापेक्षा चांगला खेळणारा कुणीतरी आहे असं म्हणायचं. नाव कुणाचंही चाललं असतं. त्यानं तोंडही उघडलं. पण ज्या वाटेनं तो शब्द यायचा ती वाट त्याच्या अंगात कधी पडलीच नव्हती.

"मीच की," नाथाजी म्हणाला.

"म्या म्हनलं व्हतं तुमास्नी," हरिबा हळूच आबांना म्हणाला. "दुसऱ्याचं नाव न्हाई सांगायचा."

पाहुणे गेल्यावर विजयमालानं तव्यावर भाकरी टाकली आणि ती न उलटताच विचारलं, "म्हंजी तुमी आपल्याच गावाला हरवाय चाललाय."

"पैरा फेडाय चाललोय."

"हात राखून खेळाल म्हना की."

"पैऱ्यात हात राखला तर उद्या कोन दारात उभं करंल? चार गोल करनार मी."

"आन् ढाल?"

"ढाल हितंच ऱ्हाणार. गडी मी शिकवल्यात."

"मग तुमचं चार गोल?"

"ते बी व्हनार."

विजयमालानं भाकरी उलटली. "आवं, तुमी दोनी बाजूंनी जिंकनार ते कळलं," ती म्हणाली. "मी कुनीकडं बसायचं तेवढं सांगून जावा."

रविवारी तिसऱ्या प्रहरी साताऱ्याहून पंच आले. विष्णुपंत त्यांचं नाव. फौजेच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झालेले, गोरे, काटकुळे, डोक्याला काळी टोपी आणि गळ्यात शिट्टी. हयातभर त्यांनी छावणीतली हॉकी कचेरीच्या खिडकीतून पाहिली होती आणि नियम त्यांना स्तोत्रासारखे पाठ होते. त्यांनी दोन्ही संघ रांगेत उभे केले आणि हिंगणवाडीचा कप्तान आगरवाडीच्या रांगेत, हळदीनं रंगवलेल्या सदऱ्यात उभा असलेला त्यांना दिसला.

"आपण चुकून तिकडे उभे आहात," विष्णुपंत म्हणाले.

नाथाजीनं त्यांना सगळं सांगितलं. विष्णुपंतांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हा गडी यांनी मागितला, आणि तुम्ही दिला."

"व्हय."

"आणि तो गडी तुम्ही स्वतःच."

"व्हय. त्यात काय चूक हाय का?"

विष्णुपंतांनी मनातल्या मनात नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. "चूक अशी सापडत नाही," ते म्हणाले. "असं कुणी करेल असं नियम करणाऱ्यांना वाटलं नसावं."

मग हारतुरे झाले, सरपंचपदाची आशा असलेल्या दोघांनी स्वराज्यावर भाषणं केली, इंग्रज गेला पण हॉकी विसरून गेला असं दोघांनीही सांगितलं, आणि सामना सुरू व्हायला ऊन कलायला लागलं. कृष्णात नाथाजीच्या जागी पुढे उभा होता. त्याच्याही जागी टोळीतलाच आणखी एक जण आला होता, ज्यानं चेंडू त्याच दिवशी पाहिला होता.

शिट्टी झाली. नाथाजीनं चेंडू घेतला, आणि थोड्याच वेळात त्याच्या लक्षात आलं की मैदान फारच चांगलं झालंय. चेंडू काठीला चिकटल्यासारखा येत होता. त्यानं स्वतः शिकवलेले गडी बरोबर त्यानं शिकवलेल्या जागी उभे होते, त्यामुळे त्यांना टाळून जाणं सोपं होतं. समोर दादासो गोल भरून उभा राहिला होता आणि नाथाजीच्या तोंडाकडे आशेनं बघत होता.

नाथाजी काही बोलला नाही. त्यानं मारला. चेंडू दादासोच्या पायाजवळून आत गेला.

हलगीवाल्यांना गावानं सांगून ठेवलं होतं की नाथाजीनं गोल केला की वाजवायचं. त्यांनी वाजवलं. सगळा गाव त्यांच्याकडे बघत राहिला, पण ते सुपारी घेतलेले लोक होते. त्यांनी ठरलेलं पुरं वाजवूनच थांबवलं.

"कप्तान, तुमी 'पड' म्हनला न्हाईसा," दादासो म्हणाला.

"मी आज तिकडचा हाय."

"मग मला कोन म्हननार?"

नाथाजीला त्या माणसाची दया आली. पैरेकऱ्यानं समोरच्याला शिकवावं का, हा प्रश्न होता. पण तो विचार करण्याइतका मोठा वाटला नाही. "तुजं तूच म्हन," तो म्हणाला आणि परत फिरला.

पुढच्या वेळी नाथाजी चेंडू घेऊन आला तेव्हा गोलातून मोठ्यानं आवाज आला, "दादासो, पड." आणि दादासो आपलं ऐकून पडला. जमीन हलली. चेंडू त्याच्या पोटाला लागून थांबला आणि कुणाला काढता आला नाही म्हणून पंचांना शिट्टी वाजवावी लागली. त्यानंतर दादासो स्वतःला सांगत गेला आणि ऐकत गेला. आजवर त्याला असा गुणी शिष्य मिळाला नव्हता.

मधल्या सुटीला आगरवाडीच्या बायका पाटी घेऊन मैदानात आल्या. पुढे आबांची बायको शालूबाई होत्या. पैऱ्याच्या गड्याला दुपारची भाकरी मालकाची, हा रिवाज. हरिबा आणि बाकीचे नऊ जण पाण्याचा घोट घेऊन उभे होते, आणि मैदानाच्या मधोमध नाथाजीला पाटावर बसवून शालूबाई वाढत होत्या.

"मावशी, पुरं. पळायचं हाय अजून."

"गप खा. उपाशी राबवला म्हनून तुज्या गावानं उद्या आमाला नावं ठिवायची व्हय?"

झुणका, भाकरी, वांगं, वर तूप घातलेली खीर. हिंगणवाडी एका गोलानं मागं होती आणि त्यांचा कप्तान खीर खाताना त्यांना दिसत होता. कृष्णात दोरीपाशी बसून हे बघत होता. बघता बघता त्याची काठी जमिनीवर आपोआप घाव घालत होती. विजयमाला बरोबर मधल्या रेषेवर, कुणाच्याच बाजूला नाही अशी बसली होती.

दुसऱ्या डावात नाथाजी पळायचा, पण खीर त्याच्या थोडी मागून यायची. चेंडू घेऊन निघाला की कृष्णात आडवा येत होता. तो कमरेत असा वाकला होता की त्याचं डोकं कुठं आहे ते कळत नव्हतं. त्यानं एकदा नाथाजीचा चेंडू काढून घेतला. चुकून असेल, असं नाथाजीला वाटलं. दुसऱ्यांदा काढून घेतला. मग तिसऱ्यांदा नाथाजीनं त्याला शिकवलेलीच हुलकावणी दिली, आणि कृष्णात तिला अजिबात फसला नाही, कारण ती त्याला शिकवताना नाथाजीनं इतक्यांदा दिली होती. चेंडू घेऊन तो सरळ निघाला, वाटेत त्याला कुणी अडवलं नाही, आणि हरिबाच्या उजव्या बाजूनं, जिथनं त्याला चेंडू दिसत नाही, त्यानं डावा हात न लावता घाव घातला.

बरोबरी झाली. हलगीवाले गप्प राहिले, कारण हा गोल नाथाजीचा नव्हता. गाव त्यांच्या अंगावर धावून गेला तेव्हा त्यांनी वाजवलं.

वेळ संपली. विष्णुपंतांनी जादा डाव जाहीर केला. पलीकडच्या तीरावर उसाच्या तुऱ्यांवर सूर्य टेकला होता. डाव सुरू झाला, दोन-चार टोले झाले, आणि सूर्य तुऱ्यांच्या मागे गेला तसे आकारामआबा काठी टेकत सरळ मैदानात आले. चेंडू त्यांच्या पायातून गेला, त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"थांबा," आबा म्हणाले. "दिस बुडाला. गडी मोकळा."

विष्णुपंतांनी शिट्टी वाजवली. हरिबा गोल सोडून पळत आला. "आबा, सामना चालू हाय."

"आसंल. पैरा दिसाचा व्हता, त्यो बुडाला. परक्याचा गडी अंधारात राबवला म्हनून उद्या कोन मला बैल दील?" ते नाथाजीकडे वळले. "काम चोख केलंस गड्या. जा घरला."

"आबा, आमी धाच ऱ्हातोय," हरिबा म्हणाला.

"गेल्या साली तुला धाडला तवा माजी काहील करपली. म्या कुनाला बोललो?"

हरिबानं काठी खांद्यावर टाकली. तो गोलात परत गेला.

नाथाजीनं पिवळा सदरा काढून नीट घडी घालून आबांच्या हातात दिला आणि आतल्या बनियनवर तो चालत आपल्या संघाकडे आला. आता सगळं त्याच्या हिशेबाप्रमाणेच झालं होतं. पैरा फिटला होता, समोर दहा गडी, आणि हिंगणवाडीचा कप्तान ऐनवेळी परत. ढाल त्याला इथून दिसत होती. देवळाचं दार उघडं होतं आणि समईच्या उजेडात तिचा शेंदूर चमकत होता.

"पंच, मी येतोय," तो म्हणाला.

"या," विष्णुपंत म्हणाले. "मात्र अकराच्या वर मला कुणी चालणार नाही. एक जण बाहेर काढा."

नाथाजीनं आपल्या गड्यांकडे बघितलं. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. आज पहिल्यांदाच चेंडू पाहिलेला गडीसुद्धा बघत होता, आणि तो तर आता पायानं नीट अडवायलाही शिकला होता. दादासो गोलात आडवा होता. त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

"दादा, मी जातु," कृष्णात म्हणाला. "तुमची जागा हाय ती." त्यानं काठी पुढे केली. पण मूठ सोडली नाही. उसाच्या कांडीसारखी ती त्याच्या हातात घट्ट राहिली, आणि नाथाजीनं धरून ओढली तरी येईना. कृष्णात मुद्दाम धरत नव्हता. त्याचंही लक्ष त्या मुठीकडे होतं, ती का सुटत नाही म्हणून.

नाथाजी काठीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. देवळाकडे बघितलं. आपण आत गेलो, आणि ढाल राहिली, तर ती आपण राखली. आपण आत गेलो आणि पोटातल्या खिरीनं घात केला, तर ती आपण घालवली. कृष्णातनं आज त्याचा चेंडू तीनदा काढून घेतला होता. पहिला चुकून होता असं धरलं तरी दोन उरत होते.

"ह्यो ऱ्हाऊ द्या," नाथाजी म्हणाला.

"काय म्हणालात?" विष्णुपंतांनी कानाला हात लावला. कप्तान परत आला म्हणून हलगीवाल्यांनी पुन्हा सुरू केलं होतं.

"म्हनलं ह्यो ऱ्हाऊ द्या आत."

"का? कप्तान तुम्ही ना?"

नाथाजीनं घसा खाकरला. हलगीवाले नेमके त्याच वेळी थांबले. "ह्यो माज्यापरीस चांगला खेळतुया आज," तो म्हणाला, आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. दोरीपाशी कुणीतरी दुसऱ्याला विचारलं, काय म्हणाला, आणि दुसऱ्यानं ते परत सांगितलं. मग ते दोरीच्या कडेकडेनं मैदानाला वळसा घालून गेलं आणि नाथाजीला पुन्हा एकदा ऐकावं लागलं.

तो येऊन मधल्या रेषेवर विजयमालाशेजारी बसला. ती जरा सरकली.

"खीर कशी व्हती?" तिनं विचारलं.

"जड," नाथाजी म्हणाला.

अंधार पडत चालला होता. पांढरा चेंडू आता काळपट दिसत होता आणि मग दिसेनासाच झाला. गडी आवाजावर खेळत होते. नाथाजी बसल्या जागेवरून हुकूम देत होता, डावीकडं, उजवीकडं, मागं फिर, आणि कुणाला ते ऐकू जात नव्हते. पण बऱ्याच वेळा तो म्हणायचा तसंच घडत होतं, आणि जेव्हा घडत नव्हतं तेव्हा त्यानं हुकूम बदलला. उसाच्या टोळीला अंधाराची सवय होती. पहाटे चांदणीवर ऊस तोडायला जाणारी माणसं ती. तिघे वाकून, एकमेकांना हाळी देत, फडात शिरल्यासारखे आगरवाडीच्या अंगणात शिरले. एक टोला ऐकू आला. मग काहीच ऐकू आलं नाही.

विष्णुपंत शिट्टी ओठात धरून उभे होते. "गेला का?" ते म्हणाले. "मला काहीच दिसलं नाही. जे दिसलं नाही ते मी देणार नाही."

हिंगणवाडीचे सगळे म्हणाले गेला. आगरवाडीचे सगळे म्हणाले न्हाई. दोन्हीकडच्यांना दिसलं नव्हतंच. नाथाजी उठून उभा राहिला, पण या खेपेला त्याचं मत कुणी मागितलं नाही.

तेव्हा हरिबा गोलातून चालत पुढे आला. त्याच्या मागं पोत्यांची जाळी लावली होती. तो तिच्यात वाकला, चाचपडला, आणि चेंडू काढून त्यानं विष्णुपंतांच्या हातात दिला.

"पोत्यात व्हता," हरिबा म्हणाला. "म्या काय ठिवला न्हाई तितं."

आबांनी अंधारात मान डोलावली, ते फक्त शेजारच्याला दिसलं. विष्णुपंतांनी लांब शिट्टी दिली. हलगी वाजायला लागली आणि या वेळी कुणाचा गोल ते हलगीवाल्यांनी विचारलं नाही. टोळीनं कृष्णातला खांद्यावर घेतलं. त्याच्या हातातून काठी अजून सुटत नव्हती, त्यामुळे जवळच्यांना बेतानं नाचावं लागत होतं. ढाल अजून दोन सामने लांब होती, पण देवळात आत्तापासूनच कुणीतरी तिला हार घातला होता.

कंदील आले. विष्णुपंत परतीच्या गाडीला निघताना नाथाजीपाशी थांबले.

"पुढचा सामना इस्लामपूरला," ते म्हणाले. "आपल्याकडून पुढे कोण खेळणार, तेवढं आजच कळलं तर बरं. आपण, का हा कृष्णात?"

नाथाजीनं खांद्यावरच्या कृष्णातकडे बघितलं.

"त्यालाच इचारा," तो म्हणाला. आणि विष्णुपंत तिकडे वळले तसा त्यांच्या बाहीला धरून म्हणाला, "पर इचारायच्या आदी जरा थांबा. काय सांगायचं ते त्याला अजून सांगितल्यालं न्हाई."